कल्लाप्पा कंडक्टरची मुकी ड्यूटी

निपाणी डेपोच्या कल्लाप्पा कंडक्टरचा आवाज ज्यानं ऐकला नाही, त्यानं निपाणीतून कधी गाडीच धरली नाही असं खुशाल समजावं. चौतीस वर्षं हा माणूस गाडीच्या दारात उभा राहून ओरडला. गाडी चिकोडीची असो, कोल्हापूरची असो की बेळगावची. कानडी माणसाशी कानडीत, मराठी माणसाशी मराठीत, ट्रकवाल्याशी हिंदीत, आणि तिघंही एकदम चढले तर एकाच दमात तिन्ही. "मुंद होग्री, पुढं व्हा पुढं, ओ मावशी, पिशवी मांडीवर घ्या की, अरे भाई दरवाजा छोडो, रैट." कुणाचं काही अडलं नाही आणि कुणाला काही कळलं नाही असंही कधी झालं नाही. रिटायर झाला त्या दिवशी डेपोत त्याला शाल घातली आणि चार शब्द बोला म्हणाले. चार शब्द म्हणे. कल्लाप्पा पाऊण तास बोलला, आणि त्या पाऊण तासात दोन गाड्या लेट सुटल्या.

घरीही तोच पट्टा. बायको तानीबाई मुळात मोजून बोलणारी, आणि लग्नानंतर तर नवऱ्यानं तिला बोलायला फट म्हणून ठेवली नाही. मुलगा भीमरत्न बेळगावात फौंड्रीत इंजिनिअर, सकाळी सहाला घर सोडायचा आणि दिवेलागण होऊन गेल्यावर परतायचा. सून प्रियदर्शनी नर्स. तिच्या ड्यूट्या कधी दिवसाच्या, कधी रातच्या. मग उरली कोण, तर नात पारमिता, म्हणजे पारू. आप्पा, म्हणजे घरातला कल्लाप्पा, रिटायर झाला त्याच साली ती जन्मली, आणि आप्पाच्या बोलण्यावरच वाढली असं म्हटलं तरी चालेल. चार वर्षांची असताना ती विचारायची, "आप्पा, ह्यो ढग कुठल्या डेपोचा रं?" आणि आप्पा गंभीरपणे सांगायचा, "ह्यो महाबळेश्वर डेपोचा. हितं टाईम न्हाय त्याला, सरळ गोकाकला जाणार. न्हायतर बघ, थांबला आसता की." मग गोकाकला ढग काय करतो, तिथं त्याला कोण भेटतं, परत येताना रिकामा येतो की भरून, असं करत अर्धा तास. शेजारच्या मालुबाई म्हणायच्या, "ह्या दोघास्नी एका खोलीत कोंडलं तर भिंतीसुदीक बोलायला लागतील."

हे सगळं बिघडलं ते एका पालकसभेनं.

पारू शाळेच्या मोठ्या गटात गेली. मोठा गट म्हणजे पहिलीच्या आधीचं वर्ष. जूनच्या शेवटी शाळेनं पालकसभा बोलावली. आईबाप दोघंही कामावर, तेव्हा आप्पा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत जाऊन बसला. त्याला शाळेत जाऊन बसायला फार आवडायचं, आणि त्याला कारण होतं. त्याचा बाप तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचा. त्याला शाळेची पायरी माहीत नव्हती. कल्लाप्पा गल्लीतला पहिला एसएसएलसी, म्हणजे दहावी पास, तोही पहिल्या झटक्यात. मुलगा इंजिनिअर. घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली अभ्यासाचं टेबल, आणि त्या टेबलावर चहाची कपबशी ठेवली तर आप्पा उचलून फेकेल. शिक्षणाच्या बाबतीत हा माणूस चेष्टा चालवून घ्यायचा नाही.

सभेला बाहेरगावचे एक पाहुणे आणले होते. कोट, चष्मा, हातात माईक. ते म्हणाले, "आपला हा सीमेवरचा भाग. इथं घराघरांत भाषेची नुसती भेळ झालेली आहे. थोडी मराठी, थोडी कानडी, त्यात हिंदी. मुलाच्या कानावर अशी अशुद्ध भाषा पडली की त्याचा पायाच कच्चा राहतो. घरात शुद्ध बोला. आजी-आजोबांनी तर विशेष काळजी घ्यावी."

आजी-आजोबांनी विशेष काळजी घ्यावी. आख्ख्या हॉलमध्ये आजोबा एकच होता, आणि तो पहिल्या रांगेत होता.

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, हा कोण उंटावरचा शहाणा, आणि चहा पिऊन घरी गेला असता. पण कल्लाप्पा पडला कंडक्टर. नोटीसबोर्डावर सर्क्युलर लागलं की लागलं. पटलं तर पाळायचं, न पटलं तरी पाळायचं. घरी येताना वाटेत त्याच्या डोक्यात एकच. आपली जीभ धुळीची. वखारीतली, स्टँडवरची, तीन भाषांची. ही जीभ पोरीच्या तोंडात गेली तर पहिलीत, दुसरीत, पुढं कॉलेजात ती तोंड उघडेल आणि लोक हसतील. आपण हसून घेतलं, चाललं. पोरीनं कशाला घ्यावं? त्या दिवसापासून कल्लाप्पानं नातीशी बोलणं बंद केलं.

कुणाला सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली. फक्त तानीबाईला एकदा म्हणाला, "आजपास्नं पोरीसमोर माझं तोंड बंद. कुणाला काय सांगायचं न्हाय."

बाहेर कट्ट्यावर तोंड पूर्वीसारखंच चालू होतं, हे सांगायला हवं. पण घराच्या उंबऱ्याच्या आत, पारूसमोर, मूग गिळून. अगदीच गरज पडली तर छापील वाक्य काढायचा. "पारमिता, भोजन करून घे." "पारमिता, आता निद्रा कर." पोरगी तोंडाकडे बघत राहायची. भीमरत्नला वाटलं, आप्पाच्या घशाला काही झालंय. त्यानं जबरदस्तीनं डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं बॅटरी मारून घसा बघितला आणि म्हणाला, "घसा ठणठणीत आहे, चौतीस वर्षं ओरडून असा घसा मी पाहिला नाही." आप्पाला त्यातही बरं वाटलं.

आणि बोलण्याच्या जागी त्यानं काय आणलं? पाटी, पेन्सिली, भिंतीला लावायचे अक्षरांचे तक्ते, ठिपके जोडायच्या वह्या. रोज संध्याकाळी टेबलाशी बसायचं. आप्पा अक्षर काढून द्यायचा, पारू गिरवायची. एक पान, दोन पानं, चार पानं. चिडीचूप. अक्षर असं वळणदार की बघत राहावं. दसऱ्याच्या सुट्टीत आप्पानं ती वही गल्लीभर फिरवली. "सहा वर्षाचं न्हाय पोरगं अजून. हात बघा, हात." लोक म्हणाले, लई भारी. कुणाला माहीत नव्हतं की त्या वहीतली एकही ओळ पारूला वाचता येत नाही.

ते कळलं ऋतिका बाईंना. मोठ्या गटाच्या बाई. वयानं लहान, खानापूरकडच्या शेतकऱ्याघरच्या, दोन वर्षांपूर्वीच नोकरीला लागलेल्या. त्यांनी पाहिलं की ही पोरगी फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवते, पण 'घर' लिहून झाल्यावर हे काय लिहिलंस विचारलं तर खाली बघते. गाणं लागलं की ओठ हलत नाहीत. चित्र दाखवून यात काय चाललंय विचारलं, तर उत्तर नाही. लहान गटातल्या बाई म्हणाल्या, "ही? अहो, गेल्या वर्षी हिला गप्प करायला मला घसा कोरडा करावा लागायचा." ऋतिका बाईंना ते काही केल्या डोक्यातून जाईना.

डिसेंबरात घरी चिठ्ठी आली. मूल वर्गात बोलत नाही, चित्र पाहून सांगत नाही, लिहिते पण वाचत नाही. मार्चमध्ये मुख्याध्यापिका जयाबाई मुलीला स्वतः बघतील आणि मग पहिलीत पाठवायचं की आणखी एक वर्ष मोठ्या गटातच ठेवायचं ते ठरवतील.

भीमरत्ननं चिठ्ठी मोठ्यानं वाचली. प्रियदर्शनीच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाली, "माझं घरात लक्ष नाही, माझंच चुकलं." आप्पाच्या तर पायाखालची जमीनच सरकली. त्यांच्या घराण्यात आजवर कुणी एकही इयत्ता दोनदा काढली नव्हती, आणि आता मोठ्या गटात? त्यानं काय केलं असेल? गिरवायची पानं चाराची आठ केली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तरी हा गडी शेंदूर फासतोयच.

संक्रांत होऊन गेली आणि एका शनिवारी शाळा सुटल्यावर ऋतिका बाई घरी आल्या. भीमरत्न, प्रियदर्शनी कामावर. तानीबाई चहा टाकायला आत गेली. पारू टेबलाशी गिरवत बसली होती. आप्पा उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "आपण आसनस्थ व्हावे. आपल्या आगमनाने आम्हास अत्यानंद झाला."

ऋतिका बाईंना पहिल्यांदा वाटलं हा माणूस थट्टा करतोय. मग त्यांनी त्याचा चेहरा बघितला. घाम फुटला होता बिचाऱ्याला.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "घरात पारूशी जास्त कोण बोलतं?"

"आम्ही सर्वजण... यथायोग्य... संभाषण..." आप्पाचं शुद्ध तिथंच संपलं.

आणि मग आतनं, चहाची गाळणी हातात घेऊन, तानीबाई बाहेर आली. आयुष्यात पाहुण्यांसमोर जी दोन वाक्यं सलग बोलली नव्हती ती बोलायला लागली. "मी सांगती बाई. सात म्हैनं झालं, ह्यो माणूस पोरीशी बोलत न्हाय. सभेत कुणीतरी सांगितलं, म्हाताऱ्यांचं बोलणं वंगाळ हाय, पोरं बिघडत्यात. तवापास्नं तोंडाला टाळं. माझ्यासंगं चाळीस वर्सं बडबडला, माझं डोस्कं उठवलं, मी कधी काय म्हणली? आणि ज्या पोरीला त्याची बडबड पायजे, तिच्याशी मातुर मुका. मी सांगितलं न्हाय, कारण मला सांगू नको म्हणला. आता सांगितलं."

पारूची पेन्सिल थांबली होती. आप्पा खाली मान घालून उभा, विनातिकीट सापडलेल्या पॅसेंजरसारखा.

ऋतिका बाई खुर्चीवरनं उठल्या आणि जमिनीवर, चटईवर बसल्या. आणि शाळेतली भाषा त्यांनी सोडून दिली. "आप्पा, माझी आज्जी आजून म्हणती, 'आगं, कवाशी आलतीस?' आमच्या घरात सगळी असंच बोलत्यात. म्हणून मी बाई झाली न्हाय का?"

"पण त्या साहेबांनी," आप्पा कसाबसा म्हणाला, "स्टेजवरनं सांगितलं वो. माईकवरनं."

"त्या साहेबांनी तुम्हाला बोलताना ऐकलं न्हाय. पोरीच्या कानात शब्दच पडलं न्हाईत तर ती वाचणार काय? 'घर' लिवलं, बरं. पण घर म्हणजे काय, घरात कोण भांडतं, कोण हसतं, हे बोललं की मगच त्या अक्षरात जीव येतोय. नुसतं गिरवून हात तयार झाला, आप्पा. पोरगी न्हाय झाली."

"आणि उद्या पहिलीत जाऊन ती 'न्हाय' म्हणली तर?"

"म्हणू द्या. 'नाही' मी शिकवीन, ते माझं काम हाय, त्याचा मला पगार मिळतोय. पण बोलायचं तेवढं तुम्ही शिकवा. ते माझ्या हातात न्हाय."

जाताना त्यांनी आणखी एक सांगितलं. पारू जे बोलेल त्यातलं रोज एक वाक्य मोठ्या अक्षरात लिहायचं आणि तिच्यासमोर बोट फिरवत वाचायचं. तिचंच वाक्य, तिच्याच शब्दात. गिरवायचं काही नाही.

आता तुम्हाला वाटेल, झालं, नळ सोडला की पाणी आलं. कुठलं हो. त्या संध्याकाळी आप्पा पारूसमोर बसला आणि तोंड उघडलं, तर काही सुचेना. "जेवलीस?" "हं." "शाळा?" "हं." संपलं. सात महिन्यांत जिभेला गंज चढला होता, आणि पोरगी तर त्याच्याकडे अशी बघत होती की जणू अजून काहीतरी चुकेल. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा म्हणाला, "चल, चप्पल घाल."

दोघं स्टँडवर गेले. संकेश्वरची गाडी लागली होती. कंडक्टर सूरज, आप्पाच्या हाताखाली शिकलेला. "आप्पा, लई दिसांनी," तो म्हणाला, "आज तुम्हीच हाक मारा की एकदा." आप्पा नको म्हणत होता तोवर पाय आपोआप दारात गेले. डावा हात दांडीला. आणि आवाज निघाला. "संकेश्वर, संकेश्वर, संकेश्वर, कणगला, संकेश्वर, बर्री बर्री, या या, ओ आज्जी, पळू नका, गाडी तुमचीच हाय, ए भाई, पीछे जगह है, रैट." आख्खा स्टँड वळून बघायला लागला. पारू पहिल्या सीटवर बसली होती. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, आणि हसत होती.

तवंदीचा घाट लागला. आप्पा येऊन तिच्याशेजारी बसला. बराच वेळ ती खिडकीतनं बघत होती. मग हळूच म्हणाली, "आप्पा, ह्यो घाट कुणी वाकडा केला रं?"

आप्पानं तोंड पलीकडं वळवलं. पण कंडक्टर पडला, ड्यूटीवर रडत नाही. त्यानं सांगायला सुरुवात केली आणि संकेश्वर आलं तरी घाट सरळ झाला नव्हता.

त्या दिवसापासून पुन्हा सुरू झालं. आधी पारू थोडं बोलायची आणि आप्पा जास्त. मग पोरगी प्रश्न विचारायला लागली, मग मध्येच तोडायला लागली, मग "तसं न्हाय, असं झालं आसंल" म्हणून आप्पाला दुरुस्त करायला लागली. रोज रात्री जेवणाआधी एक वाक्य. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आप्पा लई वरडतो." आप्पानं पेन उचललं आणि शिक्षणाची इज्जत राखत लिहिलं, 'आप्पा खूप ओरडतात.' पारूनं बोट ठेवून वाचलं, "आप्पा लई वरडतो." आप्पा म्हणाला, "हितं 'खूप' लिवलंय." पारू म्हणाली, "मी तसं कुठं म्हणलं?" बघा आता. आप्पा हात जोडायचा बाकी राहिला. त्यानं खोडलं, आणि तिनं म्हटलं तसंच लिहिलं. मग डोळ्यांना जे दिसत होतं तेच कानाला ऐकू येऊ लागलं. 'लई'तला 'ल' तिनं दुसऱ्या दिवशी लसणात पकडला, तिसऱ्या दिवशी मालुआज्जीच्या नावात. पुढं पुढं ती आप्पालाच म्हणायची, "थांब, मला वाचू दे, तू बोट दावू नको."

फेब्रुवारीच्या शेवटी एका संध्याकाळी भीमरत्न कामावरनं भडंग घेऊन आला. पुडी वर्तमानपत्राच्या कागदाची. पारू खाता खाता थांबली, कागदावर बोट ठेवलं आणि सावकाश म्हणाली, "पा-णी... बं-द. आप्पा, पाणी बंद हाय म्हणतंय." भीमरत्न तोंडातला घास तसाच ठेवून बघत राहिला. तो मोठा इंजिनिअर, पण बापासमोर रडला. प्रियदर्शनी नाईट ड्यूटीवर होती. तिला फोन लावला आणि पारूनं फोनवर पुन्हा वाचून दाखवलं. आप्पाला वाटलं, छाती आता सदऱ्यात मावायची नाही.

पण मार्च यायचाच होता, आणि आला.

शाळेत जयाबाईंच्या खोलीत पारू, ऋतिका बाई आणि आईबाप. भीमरत्ननं रजा काढलेली. आप्पाला आत बोलावलं होतं, पण तो म्हणाला, मी बाहेरच बरा. खरं सांगायचं तर त्याची हिंमत झाली नाही. आपल्याला बघून पोरगी बिचकली तर? वऱ्हांड्यात खिडकीखाली बाकडं होतं, त्यावर बसला. शिपाई मारुतीराव, जुना ओळखीचा, येऊन शेजारी टेकला आणि आपल्या गुडघेदुखीचं सुरू केलं. कल्लाप्पाचा एक कान गुडघ्याकडे, दुसरा खिडकीत.

जयाबाईंनी पुस्तक उघडलं. पारूनं कधी न बघितलेलं पान. खिडकीतनं तिचा आवाज आला, अडखळत, पण एकेक शब्द सुटा. "आमच्या... दारात... एक... मोठे... झाड आहे." प्रत्येक शब्दाला आप्पाची मान हलत होती. मारुतीरावांना वाटलं, गुडघ्याला होकार देतोय.

मग जयाबाईंनी चित्राचं कार्ड ठेवलं. बाजाराचं चित्र. भाजीवाल्या, एक गाडी, कुत्रं, गर्दी, आणि एका कोपऱ्यात कट्ट्यावर बसलेला म्हातारा. "या चित्रात काय चाललंय, मला सांगशील?"

आप्पानं खिडकीचा गज धरला. बोल पोरी. भाजीवाली हाय म्हण. कुत्रं हाय म्हण. काय बी म्हण. चौतीस वर्षं आख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडणारा माणूस, आणि आज जिभेच्या टोकावर आलेलं उत्तर गिळून बसला.

"ह्यो आजोबा हाय," पारूचा आवाज आला.

"बरं. आणि काय करतोय?"

"त्यो बोलत न्हाय."

"का बरं?"

"त्याला सभेत सांगितलं, तुझं बोलणं वंगाळ हाय. मग त्यानं सगळं बोलणं पेटीत घातलं आणि कुलूप लावलं. त्याला एक नात हाय. तिला ठावंच न्हाय पेटीचं. तिला वाटलं, आपुन कायतरी केलं म्हणून आजोबा रागावलाय."

आप्पाचा हात गजावरच राहिला.

"मग ती पण गप बसली," पारू सांगत होती. "गप बसलं की राग जातो म्हणून. ती रोज चांगलं चांगलं लिवायची. वही बघून आजोबा हसायचा. पण बोलायचा न्हाय. मग ती आजून चांगलं लिवायची."

सात महिने. ती गिरवलेली पानं, गल्लीभर फिरवलेली ती वही. पोरगी माफी मागत होती आणि आपण अक्षर बघत होतो. कल्लाप्पानं डोळे मिटले. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. आणि त्याच क्षणी, त्या लाजेवर पाय देऊन दुसरंच काहीतरी वर आलं. सहा वर्षांची नाही अजून. तिला झालेलं तिनं आत धरलं, त्याची गोष्ट केली, पेटी कुठली, कुलूप कुठलं, सगळं आपल्या मनानं जोडलं, आणि आता ती हेडबाईंच्या समोर, न घाबरता, आपल्या घरातल्या भाषेत ते सांगत होती. एकही शब्द उसना नाही. वखारीत पोती उचलणाऱ्या बापाची आठवण झाली त्याला. ऐकायला पाहिजे होता म्हातारा.

आत जयाबाईंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग त्यांच्या पेनाचा आवाज आला. "पुरे, बाळ. फार छान. ऋतिका, हिचं नाव पहिलीच्या यादीत घाला."

आईबापाचा सुस्कारा बाहेरपर्यंत ऐकू आला. मारुतीरावांनीही ऐकलं. गुडघेदुखी विसरून ते उठले आणि कल्लाप्पाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जिंकलं की रं कल्लाप्पा. पेढं काढ आता. आरं, मी तुला पयल्यापास्नं सांगत आलोय, बोलणाऱ्याची बोरंसुदीक खपत्यात, तुझी नात म्हणजे..."

पण आतनं पारूचा आवाज आला, जरासा वरच्या पट्टीत. "थांबा की बाई. गोष्ट संपली न्हाय आजून. आजून गाडी यायची हाय."

कल्लाप्पानं मारुतीरावांचा हात पाठीवरनं बाजूला केला आणि खिडकीला कान लावला.

"मारुतीराव," तो म्हणाला, "जरा गप ऱ्हावा. माझी नात बोलतीया."